दहाव्याला सायकलीचं सांग

या वर्षात माझी माणसं भराभर गेली. माझी म्हणजे नात्यातली नव्हेत. ती आधीच उरकली होती. ही माझ्या माईकची माणसं. तरुणपणी मी यात्रांमध्ये पुकारायचं काम करायचो. दुपारी कुस्त्यांचा हगामा असला की आखाड्याशेजारी टेबल टाकून पैलवानांची नावं, गावं, वस्ताद पुकारायचे. संध्याकाळी तमाशाच्या तंबूची जाहिरात करायची. कुणाची म्हातारी गर्दीत हरवली तर तिचं लुगडं कुठल्या रंगाचं आहे तेही सांगायचं. त्यामुळे या जिल्ह्यात ज्यांना लोकांनी एखाद्या दुपारपुरतं डोक्यावर घेतलं आणि पुढच्या यात्रेपर्यंत विसरूनही गेले, असे बरेचजण माझ्या ओळखीचे. दरवर्षी त्यातले थोडे कमी होतात. पूर्वी गेल्याचं कळलं की दोन-चार ठिकाणी फोन करावे लागायचे. आता फोन करायला कुणी नाही, ही गोष्ट मला यंदा पहिल्यांदा टोचली.

आधी नेवाशाकडचा एक पैलवान गेला. शेवटची मोठी कुस्ती त्याने आयुष्यात कधी मारली नाही, पण त्याला कुणी चीतही केलं नाही. त्याच्या कुस्त्या बरोबरीतच सुटायच्या आणि उन्हात बसलेले लोक वैतागून त्याच्या नावाने ओरडायचे. मग आमच्या बेलापूरचा हलगीवाला गेला. त्याची हलगी कडाडली की कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनासुद्धा शड्डू ठोकावासा वाटायचा. पेपरात दोघांना मिळून चार ओळी आल्या. गावच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि त्यांच्या खाली लगेच कुणीतरी कांद्याचे बाजारभाव टाकले.

आणि त्यानंतर कोल्हारचा सायकलवाला गेला. तो माझा मित्र होता.

सायकलवाला म्हणजे दुकानदार नव्हे. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. गावच्या चौकात फक्कीने मोठं रिंगण आखायचं, भोवती बांबू रोवून बल्बच्या माळा सोडायच्या, आणि त्या रिंगणात एका माणसाने आठवडाभर सायकल चालवायची. खाली उतरायचं नाही, पाय टेकवायचा नाही. जेवण सायकलीवर, आंघोळ सायकलीवर, दाढी सायकलीवर. मधूनमधून खेळ करायचे. हात सोडून हँडलवर पालथं पडायचं, जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलायचा, दोन्ही खांद्यांवर दोन पोरं घेऊन फिरायचं. बाकीच्या विधींचं कसं, हा प्रश्न तेव्हाही सगळ्यांना पडायचा आणि आताही पडतो. मी त्याचं उत्तर कधी दिलं नाही. धंद्यातल्या काही गोष्टी धंद्यातच राहू द्याव्यात.

असे खेळ करणारे गावोगाव फिरायचे, बहुतेक परमुलखातले असायचे. हा मात्र आपल्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. कुठल्याशा गावी एकदा त्याने हा खेळ पाहिला आणि वेड लागल्यासारखा शिकला. आजूबाजूच्या गावांत त्याने लहानमोठे खेळ केले, पण आठवडाभराचा खेळ एकदाच, आणि तो कोल्हारातच, आपल्या माणसांसमोर. पुकारायला मी होतो. माझा कर्णा देवळाच्या बाजूच्या लिंबावर बांधला होता आणि बॅटरीवर चालायचा. सायकल फिरत होती तोवर मी बोलत होतो. शेवटच्या दिवशी त्याला खाली उतरवला तेव्हा त्याला उभं राहता येईना. लोकांनी खांद्यावर घेऊन मिरवला. माझा घसा इतका बसला होता की मिरवणुकीत एक शब्द बोलता आला नाही.

पुढे तो साखर कारखान्यात लागला. कायम झाला, लग्न आधीच झालेलं होतं, एक मुलगा झाला. सायकल उरली ती कामावर जाण्यायेण्यापुरती. मुलगा शिकला, बँकेत लागला, आता साहेब आहे. माझंही पुकारणं हळूहळू थांबलं, कारण हगाम्याला आता नव्या आवाजाची, शेरोशायरी करणारी मंडळी लागतात. माझी बायको गेली, पोरगा पुण्याला स्थिरावला. तो रविवारी फोन करतो आणि गोळ्या घेतल्या का ते विचारतो. मी घेतल्या म्हणतो. दोघांनाही त्यापुढे काही सुचत नाही.

म्हणून महिन्यातून एखाद-दोन वेळा मी कोल्हारला जायचो. स्टँडजवळच्या टपरीवर आम्ही दोघं बसायचो. फार बोलायचो असं नाही. तो मुळातच अबोल. सायकलीवर असतानाही बोलायचं काम माझंच असायचं. चहा घ्यायचा, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायच्या, एसटीच्या पाटीवर जिल्ह्याचं नवं नाव आणि कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच, यावर थोडं हसायचं, की झाली दुपार. घरी ये म्हणून त्याने क्वचितच म्हटलं. गेलो तेव्हा वहिनी चहा ठेवून आत निघून जायच्या. जुन्या वळणाच्या आहेत, एवढंच मला वाटायचं.

शेवटचा भेटलो तेव्हा त्याने एकाएकी विषय काढला. "माझ्या दहाव्याला तू बोल."

"आणि तुझ्याआधी मी गेलो तर?"

"मंग माझी सुटका. मला कुठं बोलता येतंय?" तो हसला. मग म्हणाला, "दुसरं काही नगं. सायकलीचं सांग. पाय टेकला न्हवता, एवढं समद्यांम्होरं सांग."

"सांगतो. पण टेकला होता असं म्हणतंय कोण?" मी विचारलं.

त्याने बशीतला चहा संपवला आणि गाडी आली म्हणून मला उठवलं. आली ती गाडी राहुरीची होती, माझी नव्हती.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर माईक लागतो. हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं. एका बाजूला विधी चालू असतात, दुसऱ्या बाजूला मंडपात प्रवचन होतं, आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी गेलेल्या माणसाला आयुष्यात पाहिलेलं नसतं असे पुढारी एका सकाळी तीन-तीन घाट करत येतात आणि बोलून जातात. मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, परोपकारी. या तीन शब्दांत आमचा अख्खा जिल्हा मेलेला आहे. मी स्वतः आयुष्यभर माईकवर बोलत आलो, तरी घाटावरची ही भाषणं ऐकताना मला नेहमी ओरडावंसं वाटतं की अरे, तो काय करायचा ते तरी सांगा.

आदल्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, तुम्ही या, बोला. तुमचं नाव दिलंय. फक्त एक विनंती होती." त्याने आवाज खाली आणला. "ते सायकलीचं नको काढायला."

मग तोच पुढे बोलू लागला. बँकेतले लोक येणार होते, व्याही येणार होते. "त्यांना हे माहीतच नाही. आणि खरं सांगू का काका, शाळेत मला पोरं गोल-गोल फिरून दाखवायची. तुझ्या बापाने एवढी सायकल चालवली आणि पोचला कुठं, म्हणायची. दादांनीही घरात तो विषय कधी काढला नाही. त्यांनाच नकोसा होता तो."

मुलगा वाईट नाही. त्याने शेवटच्या दुखण्यात बापाचं सगळं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मला त्याचा संताप आला. त्यांनाच नकोसा होता म्हणे! मी "बघू" एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. मी सायकलीचंच बोलणार, हे त्याच वेळी ठरलं होतं. मित्राला शब्द दिला होता, आणि तो पाळायला मी एकटाच उरलो होतो.

सकाळी घाटावर पोचलो तर मंडपाच्या दाराशी भला मोठा फ्लेक्स. तोंड त्याचं आणि धड भलत्याचंच. निळा कोट, लाल टाय. फ्लेक्सवाल्याकडे अशी धडं तयार असतात. मी त्याच्या मानेपाशी बघत उभा राहिलो. जन्मात ज्याने कोट घातला नाही त्याला टाय आवळलेला बघून मला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. एका माणसाने पुढं व्हा, पुढं व्हा म्हणून मला खुर्चीपर्यंत नेलं.

प्रवचन झालं. मग भाषणं. एक आले, मनमिळाऊ म्हणाले. दुसरे आले, कारखान्याच्या जुन्या कामगारांची पिढी कशी निष्ठावान होती आणि यंदाच्या उसाचं काय करायचं ते बोलले. तिसऱ्यांनी दिवंगताचं नाव दोनदा चुकवलं, कुणीतरी मागून दुरुस्त केलं. मी मनात माझं पहिलं वाक्य घोळवत होतो. सूत्रसंचालन करणाऱ्याने माझ्याकडे बघून पुढचं तुम्ही अशी मान हलवली. मी घसा खाकरला, टोपी नीट केली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आवाज आला, "शिवला, शिवला!"

पिंडाला कावळा शिवला होता. आणि एकदा कावळा शिवला की दहाव्याच्या गर्दीला कुणी धरून ठेवू शकत नाही. ताडपत्रीवरची माणसं झटकन उठली, चपला शोधू लागली, गाड्या चालू झाल्या. सूत्रसंचालक घाईघाईने म्हणाला, "वेळेअभावी ज्यांना बोलता आलं नाही त्यांनी मनातल्या मनात श्रद्धांजली अर्पण करावी." जाता जाता एकजण दुसऱ्याला सांगत होता, "लगेच शिवला बघ. काही इच्छा राह्यली नव्हती म्हाताऱ्याची."

राहिलेली इच्छा घेऊन मी खुर्चीत बसलो होतो. त्या कावळ्याचा मला असा राग आला की काय सांगू. माईकवाल्याने माझ्यासमोरून वायर ओढून गुंडाळली. मुलगा पाहुण्यांना जेवायला चला म्हणून हात जोडत फिरत होता. माझ्याकडे त्याने एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात सुटल्याचा भाव होता. माझ्या खुर्चीच्या आजूबाजूच्या खुर्च्या उचलल्या गेल्या. इतका एकटा मी माझ्या बायकोच्या दहाव्यालाही नव्हतो, कारण तेव्हा शेजारी तो बसलेला होता.

एक बाई येऊन म्हणाली, "तुमाला तिकडं बोलावलंय."

बायका मंडपाच्या पलीकडच्या बाजूला बसल्या होत्या. त्याही उठून गेल्या होत्या. वहिनी तेवढ्या सतरंजीवर बसून होत्या.

"भाऊजी, तुमी बोलला न्हाईत," त्या म्हणाल्या.

"नंबरच आला नाही, वहिनी."

"मी तुमचं ऐकायलाच थांबले हुते." मग खाली बघत म्हणाल्या, "मी त्यांना सायकलीवर कधी बघितलंच न्हाई."

माझा विश्वास बसेना. पण खरंच होतं. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. सासू कडक, चौकात सगळे पुरुष. नव्या सुनेने तिथे जायची सोयच नव्हती. डबा सासरे घेऊन जायचे. घर देवळाच्या मागे होतं. "तुमचा कर्णा आमच्या परसातच वाजायचा," त्या म्हणाल्या. "भांडी घासताना ऐकायचे. तुमी म्हनायचा, आता हात सोडले, आता हँडलवर निजले. मी राखेचा हात तसाच धरून बसायचे. तुमी उठले म्हनला की मंग पुढचं भांडं."

मी तिथेच, त्यांच्यापासून जरा अंतरावर, सतरंजीच्या कडेला बसलो. माझं पुकारणं ऐकणारी माणसं मी आयुष्यभर समोर मोजत आलो. भिंतीपलीकडं कुणी असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"एक इचारू का?" त्या म्हणाल्या. त्यांनी आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिलं. "मधी एका दुपारी तुमचा आवाज बंद पडला. लई वेळ. चौकातला गलकाबी थांबला. काहीच ऐकू यीना. तवा पडले हुते ना ते?"

"काय?"

"पडले हुते. आन् तुमी समद्यांनी मिळून झाकलं. मी कुनाला कधी बोलले न्हाई."

मला क्षणभर काही आठवेना. मग आठवलं, आणि मला हसू फुटलं. घाटावर, मित्राच्या दहाव्याला, त्याच्या बायकोसमोर मी हसलो. त्या घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"पडला नव्हता, वहिनी. मी झोपलो होतो."

बदलीला माणूस नव्हता. त्या दुपारी उन्हाने माझी मान टेबलावर पडली आणि हातातला माईक हातातच राहिला. तो सायकलीवरून जवळून जाताना त्याने पाहिलं. कुणीतरी मला हलवायला निघालं तर त्याने लांबूनच मान हलवून त्याला थांबवलं, आणि मग एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर, असा तो रिंगणात फिरत राहिला. अख्खा चौक गप्प बसला. मी जागा झालो तेव्हाही तो तसाच बोट ओठांवर धरून फिरत होता आणि सगळं गाव तोंड दाबून हसत होतं. त्याने आयुष्यात केलेला सगळ्यात सुंदर खेळ तोच असावा, आणि त्याला पुकारणारं कुणी नव्हतं.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी मधेच एकदा "खरं?" असं विचारलं. मी म्हणालो, त्याचीच शपथ. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"त्यांना तुम्ही कधी विचारलं का नाही?" मी म्हणालो.

"इचारलं असतं तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं. मानूस एवढं करून बसलेलं. कशाला त्यांना खाली बघायला लावायचं?" त्या पदराआडूनच बोलत होत्या. "पन त्यांनी आल्यागेल्याला सांगायला घेतलं की, पाय टेकला न्हवता, की मी उठून आत जायचे. त्यांना खोटं बोलताना मला बघवायचं न्हाई. पोरगं लहान हुतं तवाबी. ते सांगायला लागले की मी आत. मंग हळूहळू त्यांनी सांगायचंच सोडलं."

मुलगा म्हणाला होता, त्यांनाच नकोसा होता तो विषय. माझ्या मित्राला काय वाटलं असेल ते मला आता लख्ख दिसत होतं. बायकोला आपली लाज वाटते, आपलं खरं वाटत नाही, असंच तो समजून चालला. कारखान्यात जात राहिला, येत राहिला, घरात गप्प राहिला. आणि दहाव्याला बोल म्हणाला तेव्हा समद्यांम्होरं म्हणजे खरं तर एकाच माणसासमोर सांगायला तो मला सांगत होता.

"आता सांगा," वहिनी म्हणाल्या. "पयल्यापासून सांगा."

मी उभा राहिलो. बसून मला पुकारता येत नाही. माईक नव्हता, आवाजही पूर्वीचा राहिला नाही, पण मी रिंगण आखल्यापासून सुरुवात केली. तो कसा चढला, पहिल्या फेरीला कसा ताठ होता, हात कसे सोडले, पोरं खांद्यावर कशी घेतली. मुलगा आईला न्यायला आला. "आई, पाहुणे खोळंबलेत," म्हणाला. वहिनींनी त्याच्याकडे न बघताच सतरंजीवर हात आपटला. "बस हितं," म्हणाल्या. तो बसला. मी शेवटपर्यंत सांगितलं. खाली उतरवलं तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, हेही सांगितलं.

बेलापूरला परतताना जीपमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना ऊस होता. शब्द पाळला म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण मला त्याचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. इतकी वर्षं आम्ही टपरीवर मांडीला मांडी लावून बसलो. एकदा तरी त्याने म्हणायला हवं होतं की मी सायकलीचं बोलायला लागलो की बायको उठून जाते. त्याच पावली मी त्याच्या घरी गेलो असतो, चुलीपाशी उभं राहून वहिनींना सांगितलं असतं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो असतो.